जोड

पांगानीत नदी समुद्राला मिळते
तिथे फेरीच्या धक्क्यासमोर वडिलांचं सलून होतं.
एक खुर्ची, कोपऱ्यात पारा उडालेला आरसा
आणि एक कॅसेट.
कॅसेटी तशा बऱ्याच होत्या.
पण ती एक.

रेडिओवरून भरलेली.
आधी निवेदकाचं अर्धं वाक्य, मग व्हायोलिनं, मग ती बाई.
तिचं नाव आम्हाला कधी कळलं नाही.
वडील नुसतं 'बाई' म्हणायचे,
जशी काही ती मागच्या गल्लीत राहते
आणि संध्याकाळी मीठ मागायला येईल.

मी सहा वर्षांची असताना टेपने फीत खाल्ली.
गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून
वडील पेन्सिल खुपसून चाक फिरवत बसले.
चुरगळला तेवढा तुकडा कात्रीने कापला.
आईने नखांच्या लाल रंगाचा थेंब लावून
दोन्ही टोकं जोडली,
फुंकर घालून घालून वाळवली.

तेव्हापासून गाणं असं:
तू येशील, तू येशील
टक्
दार लोटलेलंच आहे.

मधले शब्द गेले. कुणी हळहळलं नाही.
टक् आमच्या लेखी गाण्यातलंच होतं,
व्हायोलिनाइतकंच.
शेकुए, माझा भाऊ, बरोबर त्या जागी
कात्री हवेत वाजवायचा,
आणि गिऱ्हाईक कान सांभाळायचं.

मग एका पहाटे आई पहिल्या फेरीने पलीकडे गेली.
लाल बाटली खिडकीत राहिली, घट्ट होत होत
तळाशी खडा झाला तिचा.
वडिलांनी गाणं बंद केलं नाही.
फक्त त्या जागी वस्तरा गालावर थांबायचा,
क्षणभर,
आणि मग खाली यायचा.

फट केवढी? नखाएवढी.
पण मी तिच्यात काय काय कोंबलं होतं:
आई परत येते ते वाक्य,
आई का गेली ते वाक्य,
नंतर नंतर एका मुलाचं नाव,
पुढे तेही काढून टाकलं.

म्वानाकोंबोच्या लग्नात
अंगणभर बायका तेच गाणं गात होत्या,
आणि मी चार शब्द आधीच पोचले:
दार लोटलेलंच आहे! एकटी, खणखणीत.
हसल्या सगळ्या. नवरीसुद्धा.
त्या दिवशी कळलं, मध्ये काय होतं ते:
'उन्हात नवी छत्री घेऊन'.

छत्री.

रात्रभर मला त्या छत्रीचा राग येत राहिला.
माझ्या पडलेल्या दाताच्या जागी
कुणीतरी दुसऱ्याचाच दात बसवल्यासारखा.

शेकुए मस्कतला क्रेन चालवतो.
नऊ वर्षांनी फोन आला त्याचा, अनोळखी नंबरावरून.
आवाज जाड झालेला, मध्ये मध्ये अरबी.
कोण बोलतंय, मी विचारलं.
दोनदा विचारलं. पैसे उकळणारे असे फोन हल्ली फार.
पलीकडे थोडा वेळ नुसता वारा.
मग तो गायला, बेसूर:
तू येशील, तू येशील
आणि जिभेने
टक्.
मी म्हटलं, जेवलास का?

सलूनच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.
कॅसेट माझ्याकडे. वाजवायला काही नाही.
कधी तरी उजेडात धरते, फीत बोटाने सरकवत
तो लाल ठिपका शोधते.
दर वेळी सापडतोच असं नाही.

माझ्या सिवेमाने ते गाणं फोनमध्ये घेतलंय.
स्वच्छ, सबंध, निवेदकाशिवाय.
मी तिच्या वेण्या घालत असते, ती गुणगुणते,
छत्रीसकट. तिचं आहे ते गाणं,
मी मध्ये पडत नाही.
पण ती जागा जवळ येते
आणि जीभ आपोआप टाळूला लागते.

सिवेमा मान न वळवता म्हणते,
आई, गाणं चालू असताना
बोलू नकोस ना.