दोनशे सतरा

दिवे देते मी. अकरा वर्षं.
खापरखेड्याकडच्या चार नंबर खाणीवर
लॅम्परूमच्या खिडकीतून हात आत येतो,
मी बिल्ला घेते, पितळेचा, घामानं ओला,
त्याच्या नंबरच्या खिळ्याला अडकवते
आणि दिवा देते.
बिल्ला खिळ्यावर म्हणजे माणूस खाली.
वर आला की दिवा मला, बिल्ला त्याला.
चेहरे फारसे बघत नाही. हात ओळखते.

आम्रपालीनं सर्व्हेची परीक्षा काढली त्या रात्री
इंदोऱ्यात लाइट गेलेली. गच्चीवर पडल्या पडल्या
तिनं ग्रीक लोकांचं पाताळ सांगितलं,
वाचनालयाच्या जाड पुस्तकातलं.
नदी आहे म्हणे, नदीवर म्हातारा नावाडी, केरॉन,
मेलेल्याच्या तोंडातलं नाणं हातात पडल्याशिवाय
होडीत घेत नाही.
"म्हणजे तूच वं, माय. बिल्ला घेते ना."
मी म्हटलं, नावाडी निस्ता नेते बाप्पा,
मी वापसही घेते.
मग आठवलं, सगळ्यांना नाही.

पाच नद्या त्यांच्या पाताळात,
एकीचं पाणी प्यालं की सगळं विसरतं.
आपल्याकडे एकच, म्हटलं, नाग नदी,
आणि तिलाच सगळे विसरले.
दाराशी कुत्रा, तीन तोंडांचा.
आमच्या गेटवरच्याला तोंड एक, पाय तीन,
खाली जाणाऱ्यापुढे शेपूट हलवतो,
वर येणाऱ्यावर भुंकतो.

कामठीला मावसबहिणीच्या लग्नात
हळद सोडून ती मला गोऱ्यांच्या कबरस्तानात घेऊन गेली.
एकोणीस वर्षांचा शिपाई, तापानं गेलेला,
त्याच्या दगडावर उलटी कोरलेली मशाल.
"ही बी तिकडचीच, माय.
क्रुसाखाली लपून इथवर आली."
मला मशाल दिसली नाही.
मान घालून चालणाऱ्याच्या टोपीवरचा दिवा दिसला.

सगळं सांगितलं तिनं, एक गोष्ट टाळली.
ती मी बोट ठेवत ठेवत स्वतः वाचली:
पोरगी फुलं तोडत होती, जमीन फाटली,
आईनं रागानं शिवारं वाळवली.
मिळालीही असती परत,
पण खाली डाळिंबाचे दाणे खाल्ले होते तिनं.
तेवढ्यावर देवांनी वर्ष वाटून घेतलं.

परवा तिची पहिली पाळी.
बिल्ला सहाशे चाळीस, कोरा.
खिडकीतून हात आला, नखांवर लग्नातली मेंदी.
दिला दिवा. कुणालाही देते तसा.
माझ्या वेळी बायांना खाली बंदी होती;
आता जमीन फाटायची गरज नाही,
ऑर्डर येते.

तीन वाजेपर्यंत खाणीच्या तोंडाकडे पाहिलं नाही.
झिबलबुवा म्हणाले, "पाय ना बाई, येतेत आता."
नाही पाहिलं.
त्या पुस्तकात एक गाणारा होता, तो वळून बघायला गेला.

काळा हात. दिवा ठेवला.
"सहाशे चाळीस."
आणि मग, हळू, "दोनशे सतरा."

देवानंदला वर आणलं तेव्हा त्याचा दिवा सापडला नाही.
दिवा जमा नाही म्हणून बिल्ला सुटला नाही.
रजिस्टरप्रमाणे तो अजून खालीच आहे.
मी खिळ्यावरून काढला.
फळ्यावर त्याच्यामागे गोल,
अकरा वर्षांपूर्वीचा हिरवा रंग, ताजा.
दोन्ही बिल्ले तिच्या तळव्यावर ठेवले.
बोटं मिटली तिनं, माझ्या बोटांसकट.

बसमध्ये शेजारी बसली, कोळशाचा वास, आणि आणखी कसला तरी.
"खाली काई खाल्लं का वं?"
"तू देल्लं संत्रं. चार फोडी. बाकीच्या वाटल्या."

कोराडीच्या चिमण्या येईस्तोवर हिशेब केला.
चार फोडी. बरं.
सहा पाळ्या लावून घ्या, म्हटलं मनात,
कोणाला म्हटलं ते माहीत नाही,
रविवार माझा.