समोरच्या भिंतीतला हूक

ड्रायर फेब्रुवारीत गेला.
दुरुस्तीला आलेला मुलगा म्हणाला, नवाच घ्या, स्वस्त पडेल.
मी हो म्हटलं, चहा दिला.
किटलीत मोजून दोनच कप पाणी ठेवलं होतं
हे त्याच्या लक्षात यायचं काही कारण नव्हतं.

नवा घेतला नाही.
ठरवून असं नाही. एक आठवडा गेला, मग दुसरा,
रेडिएटरवर मोजे, दारांवर चादरी,
घराला ओल्या कुत्र्याचा वास.

लीड्समधली आमची ही गल्ली,
घरं पाठीला पाठ लावून बसलेली, दारं समोरासमोर.
पूर्वी दोऱ्या रस्त्यावरून जायच्या,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
आणि कोळशाची गाडी आली की
बायका काठीनं चादरी उचलून धरायच्या.
हे मिसेस ओल्डरॉइडनी सांगितलं,
एकोणिसाव्या वर्षी समोरच्या घरात आल्या, आता ब्याऐंशीच्या.

पण ते नंतर.
आधी त्यांचं दार वाजवणं आलं,
कारण दोरीला दोन टोकं लागतात
आणि दुसरा हूक त्यांच्या भिंतीत.
अकरा वर्षं आम्ही एकमेकींना
आज गारठा आहे, एवढंच सांगत होतो.
त्यांनी हूक बघितला, मला बघितलं.
म्हणाल्या, सासूनं ठोकलाय. तीही अशीच चिवट होती.

मी अकोल्याची.
तिकडे मे महिन्यात शेवटचा कपडा टाकेपर्यंत
पहिला कडक झालेला असतो,
घडी घालताना पापडासारखा मोडेल असं वाटतं.
इथे एक जीन्स तीन दिवस विचार करते.
आणि पाऊस येतो तो नेमका
मी बसमध्ये, दोन थांबे अलीकडे असताना.
धावत येते तर दोरी रिकामी,
उंबऱ्यापाशी टोपली, कपडे इस्त्री केल्यासारखे.
एकदा माझी कॉटनची साडी होती.
तिचं टोक कुठे आणि शेवट कुठे हे न कळून
त्यांनी तिची वळकटी केली, वर चिठ्ठी:
तुझा पडदा आत घेतला आहे.

निषाद सतरा वर्षांचा. आकडे त्याच्या जिभेवर.
आई, म्हणाला, तुझी अकोल्याची एक फेरी फेडायला
पंचवीस-तीस वर्षं दोरी लागेल.
आणि तू दरवर्षी जातेस.
मी मेथी निवडत होते.
काड्या खताच्या डब्यात, पानं चाळणीत.
तो बरोबर होता, म्हणून राग आला.
राग गेल्यावरही तो बरोबरच होता.
माझी आई अकोल्यात आहे.
तिच्यापर्यंत कोणत्या भिंतीतून दोरी नेऊ?
यंदा नाही गेले तर, असं मनात आलं,
आणि मी चाळणी धुवायला घेतली.

दोरीवरून कधीकधी खार जाते.
इथली खार करडी, जाडी, जरा उद्धट.
हिच्या पाठीवर बोटं नाहीत.
कुठल्या सेतूवर हिनं वाळू झटकली नाही,
कुणी हिला गोंजारलं नाही.
माझ्या उशीच्या अभ्र्यावर पाय देऊन
ती पलीकडे काय नेते, मला माहीत नाही.
नेते मात्र रोज.

आता दोरीवर त्यांचंही असतं काही.
एक टेबलक्लॉथ, लांब मोजे,
माझ्या प्लास्टिकच्या चिमट्यांत त्यांचे लाकडी.
माझे उन्हानं तडकतात. म्हणजे, ऊन असेल तेव्हा.
त्यांचे सासूच्या वेळचे.

शुक्रवारी गल्लीत मोठी व्हॅन शिरली,
चादरीपुढे थांबली, हॉर्न.
मी हात पुसत बाहेर येईपर्यंत
मिसेस ओल्डरॉइड काठी घेऊन रस्त्याच्या मधोमध,
पायात सपाता, डोक्याला रोलर.
त्यांनी चादर उचलली, इतकी उंच
की त्यांचा कोट कमरेवर चढला,
आणि व्हॅन तिच्याखालून हळूहळू गेली,
चौदा नंबरला,
नवा ड्रायर घेऊन.