उलटायचं एकदाच

कूलरची जुनी जाळी, चार विटा, बाभळीचा कोळसा.
लष्करातली आमची गच्ची, जानेवारीतलं बाराचं ऊन.
खाली स्वयंपाकघरात हे चालत नाही, म्हणून वर.
नीलांबरीने चिमटा दिलाय,
तो परत आणायचा नाही या बोलीवर.

फोन टाकीला टेकवून ठेवलाय.
त्यात यशोधनचं न्यूझीलंडमधलं अंगण.
तिथे संध्याकाळचे साडेसात, आणि उजेड अजून भरपूर.
त्याची शेगडी आमच्या फ्रिजएवढी, गॅसवरची,
झाकणाला काटा, किती तापली ते सांगणारा.
"आप्पा, हरीण आहे," तो म्हणतो,
आपण म्हणावं तसं: आंबे आलेत.

आप्पा खुर्ची पुढे ओढतात.
"कुणी मारलं?"
"कुणी नाही. दुकानातून आणलं. इथे शेतावर पाळतात."

आप्पा त्या 'पाळतात'पाशी
जरा वेळ थांबतात.

अकरा वर्षांचे होते तेव्हा शिवपुरीच्या रस्त्याने
जीपमध्ये मागे बसत, मांडीवर पाण्याची छागल.
बंदूक वडिलांची. यांनी कधी झाडली नाही.
यांच्याकडे आहे तो फक्त परतीचा वास, ओल्या पोत्याचा,
आणि दोन रात्री कडुलिंबाला टांगलेलं सांबर,
खाली मांजरं हाकलायला बसवलेला पोरगा,
म्हणजे हेच.
मग बहात्तरचा कायदा.
बंदूक मात्र दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची,
एका निवडणुकीनंतर कुणी आणायलाच गेलं नाही.
पावती आहे. विम्याच्या फायलीत.

"टोचू नकोस रे, चिमट्याने धर.
चरबी नसते त्याच्या अंगात, जन्मभर पळतं ते.
विस्तवावर बसवून ठेवायचं नाही त्याला.
उलटायचं एकदाच."

"पण आप्पा, हे पळालेलंच नाही."

आप्पांना ऐकू आलं नाही.
किंवा आलं.

आमच्या जाळीवर बकऱ्याची रान,
रात्रभर कचरीची पूड लावून ठेवलेली.
तिला काही घाई नाही.
पलीकडच्या जैनकाकू वाळत घातलेल्या साड्या
एकेक करून आत नेतात, न बोलता,
आणि मी धुराच्या वाऱ्याला उगाच हात मारतो.

तिकडे सुरी फिरली. यशोधनने तुकडा
कॅमेऱ्यासमोर धरला: कडेला काळा, आत गुलाबी.
आप्पा वाकले, आणि मांस शिजलंय का बघायला
बोटाने दाबतात, तसं त्यांनी काचेवर दाबलं.
फोन कट.

"काढ म्हणावं," ते म्हणाले, "चामडं होईल."
मी पुन्हा लावतो. लागत नाही.
लागला तोवर सात मिनिटं झाली होती,
आणि तो तोंड भरून काहीतरी सांगत होता,
आवाज न येता.

आप्पांचं बोट अजून पुढेच होतं.
मी त्यांच्या हातात चिमटा दिला.
त्यांनी बकरा उलटला.
थोड्या वेळाने, मी बघत नाही असं वाटून,
पुन्हा उलटला.