डावा गुडघा

मशीनमध्ये जाण्याआधी अंगावरचा धातू काढावा लागतो.
तू कानातल्या रिंगा काढल्यास, चमकी काढलीस,
केसांतल्या सात पिना मोजून माझ्या तळहातावर ठेवल्यास,
म्हणालीस, एस्तर, हरवू नकोस हां.
मॅचआधीही हेच म्हणायचीस.
तेव्हा पिना तीनच असायच्या.

फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आहे.
तू लिहिलंस, फुटबॉल.
काउंटरवरच्या पोरानं ते खोडून विद्यार्थी केलं.

आपण दोघी डाव्या बाजूच्या.
मी मागं, तू पुढं.
मिरजेत, तुमच्या गल्लीत,
पत्र्यांवर भोपळे वाळत पडलेले,
तुझे अब्बा एकेकाला नखानं टिचकी मारून कान लावायचे:
हा बोलतो. हा मुका.
मुके आपल्याला मिळायचे.
पहिला बॉल तो आपला, नौशाबा.
तीन किकांत फुटायचा, बिया मातीत सांडायच्या,
आणि चौथी किक तू
तुकड्याला मारायचीस.

पुण्याहून आलेल्या माणसानं स्टेडियमवर
तीन नावं लिहून घेतली.
तिसरं माझं होतं.
आई म्हणाली, डिप्लोमाची फी भरलीय.
एवढंच म्हणाली. मी बूट धुऊन ठेवले,
अजून आहेत, माळ्यावर.

तुझा करार अकरा पानांचा, इंग्रजीत.
महिन्याचे पैसे माझ्या पगाराहून कमी, तेही आठच महिने.
अब्बांनी विचारलं,
पाय मोडला तर काय, ते कुठं लिहिलंय?
तू म्हणालीस, तिथवर वाचलं नाही.
बेंगळुरूच्या गाडीत बसलीस
दोन किलो भडंग आणि एक उशी घेऊन.
उशी कशाला, ते मी विचारलं नाही.

तुझी पहिली मॅच मी इथंच पाहिली,
दोन पेशंटांच्या मध्ये, मोबाईल ड्रॉवरमध्ये उभा करून.
एकाहत्तराव्या मिनिटाला बोर्डावर हिरवा सत्तावीस लागला.
जर्सीवर शिकलगारचं शिकलकर झालेलं.
तू पळत आत गेलीस ती जरा जास्तच पळत,
कुणाला तरी आदळलीस, हात वर करून माफी मागितलीस.
चार वेळा बॉलला पाय लागला. मी मोजलं.
चौथ्या वेळी तू तो मागं दिलास,
डावीकडे, न बघता,
जिथं मी असायची.
तिथं कुणी नव्हतं.
बॉल रेघेबाहेर गेला.
समालोचक म्हणाला, गैरसमज.
मी ड्रॉवर बंद केला.

पुढच्या सीझनला तू सहा मॅच सुरुवातीपासून खेळलीस.
एक गोल, तोही गुडघ्याला लागून गेलेला,
ह्याच गुडघ्याला.
चौकात बॅनर लागला, नाव बरोबर,
फोटो मात्र शाळेतला, रिबिनींचा.
मग आठवड्यापूर्वी सरावात,
कुणी जवळही नव्हतं म्हणतेस,
नुसती वळलीस.

आता मी काचेच्या अलीकडे.
तू आत, त्या ठोकठोकाटात, पंचवीस मिनिटं.
पडद्यावर तुझा गुडघा चकतीचकतीनं येतो.
मैत्रिणीला इतकं आतून पाहू नये.
जिथं काळी, ताणलेली रेघ हवी
तिथं धुरकट काहीतरी, विस्कटलेलं.
मी मागची चकती बघते, पुढची बघते,
पुन्हा मागची.
रिपोर्ट डॉक्टर देतात.
आम्ही बोलायचं नसतं.

बाहेर आलीस, भिंत धरून.
दिसलं काय गं?
मी म्हणाले, मध्ये एकदा हललीस तू.
नाही हलले.
खरंच हलली नव्हतीस.

पिना मोजून घेतल्यास. सात.
बाकावर अब्बा बसलेत.
माझ्याकडे बघतात, विचारत काही नाहीत,
नुसतं बाकाच्या कडेवर नख टिचकवतात
आणि सवयीनं
कान थोडा तिरका करतात.