माया

सातपूर कॉलनीत, पिठाच्या गिरणीशेजारी
माझं मशीन चालतं.
जूनमध्ये युनिफॉर्म, लग्नसराईत ब्लाउज,
अधूनमधून चेन बदलणं, फॉल-पिको.
पोरी मापाला उभ्या राहतात
तेव्हा टेपच्या आधी मला कळतं
कोण खांदे पुढे ओढून घेतंय,
कुणाचं दप्तर पाठीवरून छातीशी आलंय.
मी बोलत नाही काही.
शिवणीत बोटभर माया जास्त सोडते,
पुढच्या वर्षी उसवता येईल अशी.

घरातलं मात्र दिसलं नाही.

शर्वरी सातवीत. खो-खो सोडला,
म्हणाली, पाय दुखतो.
जानेवारीतली रात्र, पत्र्याखालून थंडी येत होती.
मी काजं करत बसलेले, ती सुईत दोरा ओवून देत होती.
"आई, गाठ मारू?"
"मार."
मग खाली बघूनच,
"मला पण एक गाठ आलीय.
डावीकडंच. धक्का लागला की दुखते."

सुई बोटात शिरलेली
मला सकाळी कळली.

तो शब्द आमच्यात कुणी उच्चारत नाही.
माझी नणंद रत्नप्रभा, सिन्नरला दिलेली.
दीड वर्ष तिनं पदराखाली झाकून ठेवली.
पुरुष डॉक्टर असला तर?
आधी पुतणीचं लग्न उरकू दे.
लग्न उरकलं.
तिच्या मापाचा कागद अजून माझ्या वहीत आहे.

सकाळी दुकानाला कुलूप.
त्र्यंबक रोडनं बस, सिव्हिलला केसपेपर,
रांगेत पुढं एक बाई डबा उघडून पोहे खात होती,
मला त्या वासानं मळमळलं.
खैरनार मॅडमनी आधी तिला विचारलं, मला नाही:
"तपासू का गं? आई इथंच राहू दे ना?"
पडद्याआड दोन मिनिटं.
"ही गाठ नव्हे, बाळा. हे वाढणं.
एका बाजूनं आधी सुरू होतं,
दुसरी बाजू मागनं येते, कधी सहा महिन्यांनी.
थोडा फरक जन्मभर राहिला तरी बिघडत नाही.
सारखी दाबून बघू नकोस. खो-खो खेळ.
आत नीट मापाचं सुती घाल."

मग चष्मा काढून माझ्याकडं:
"लाल झालं, गरम लागलं, ताप आला, तर त्याच दिवशी या.
पाणी, पू, रक्त आलं तर या.
पुढं पाळी सुरू झाल्यावर टणक काही लागलं,
पाळी येऊन गेली तरी जाईना, वाढतच चाललं,
कातडी आत ओढली गेली, काखेत सुजलं,
तर घरी बसू नका.
या वयात तो आजार जवळजवळ नसतोच.
पण नसतोच, हे मी म्हणायचं. तुम्ही नाही."

मी मान हलवत होते,
कुणी मापं सांगावीत आणि पेन्सिल सापडू नये, तशी.

तेवढ्यात शर्वरी,
"मॅडम, आईचं कोण बघतं?"
मॅडमचं पेन थांबलं.
"वय?"
"त्रेचाळीस."
"कधी तपासलंय?"
माझा हात गळ्याकडं गेला, टेप चाचपायला.
टेप दुकानात होती.

बाहेर गाडीवर पेरू घेतला, मीठ लावून.
तिनं तिचा खाल्ला, मग माझाही.
फाईल ठक्कर बाजारपर्यंत छातीशीच होती,
पुढं कधी खाली आली, लक्षात नाही.

माझ्या तारखेची चिठ्ठी
मी टाचण्यांच्या गादीला टोचून ठेवली.
एक गुरुवार गेला, ब्लाउज अर्जंट होते.
दुसरा गेला, वीज नव्हती.
काल ऑर्डरची वही उघडली
तर शेवटच्या ओळीत पोरीचं वळणदार अक्षर:
गिऱ्हाईक: आई.
माप: देणे बाकी.
आणि तारखेच्या रकान्यात,
खाली दोन रेघा मारून,
उद्या.