पियानो लावणाऱ्याचा शनिवार

अर्जावर रकाना होता : व्यवसाय.
हाइनारने लिहिलं, पियानो लावतो.
टेबलापलीकडच्या बाईंनी चष्मा वर केला,
"म्हणजे वाजवता?"
"नाही. लावतो. वाजवणारे वेगळे."
त्यांनी शिक्का मारला.
सैन्यातही अशीच वाटणी असावी,
असं तो घरी येऊन म्हणाला, बुटांचे बंद सोडता सोडता.
मी हसले नाही.

वय सेहेचाळीस. उजवा गुडघा कुरकुरतो.
महिन्यातून एक शनिवार-रविवार,
उन्हाळ्यात सलग आठ दिवस
व्होरूच्या पलीकडे, पाइनच्या रानात.
एरवी तोच तो : कातडी पिशवी, किल्ली, लोकरीच्या पट्ट्या,
आणि शाळांतले, चर्चांतले,
एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या बैठकीतले
ओल धरलेले पियानो.

माझा भाऊ एंडेल जेवताना म्हणाला,
"अर्ध्या हळकुंडाचा शिपाई!"
हाइनारचा बटाटे सोलणारा हात थांबला नाही.
"आपले आग विझवणारेही फावल्या वेळातलेच," म्हणाला.
"तुझं कोठार पेटलं तेव्हा
पाणी काय अर्धंच ओलं होतं?"

का गेलास, हे मी विचारलं नव्हतं.
सक्ती कुणाची नव्हती.
फक्त एकदा, सरहद्दीजवळच्या शाळेतून परतला
आणि कोट न काढताच खुर्चीवर बसला.
अकरा मुलांची शाळा. एक पियानो.
तो तार ताणत असताना
दुसरीतली एक पोर शेजारी येऊन उभी राहिली.
"निघावं लागलं तर हा बरोबर नेता येतो?"
"तू काय सांगितलंस?"
"अडीचशे किलोचा आहे, सांगितलं."
त्याच आठवड्यात अर्ज.

मग मार्चमधली ती सकाळ.
गोळीबाराचं मैदान, बर्फ निम्मा वितळलेला.
उजव्या कानात बोळा बसला होता, डावा अजून चिमटीत,
आणि शेजारच्या कार्मोने घाई केली.
एकच गोळी.
कार्मो एकोणीस वर्षांचा. संध्याकाळी आमच्या दारात
केक घेऊन उभा होता, रडवेला.
केक चांगला होता.

तेव्हापासून हाइनारच्या डाव्या कानात एक सूर आहे.
डॉक्टर म्हणाल्या, राहील.
त्याला सूर राहण्याचं दुःख नाही.
तो किंचित उतरलेला आहे, याचं आहे.
"जगात ही एकच तार," म्हणतो,
"जिला माझी किल्ली लागत नाही."
पियानोपाशी आता तिरका बसतो, उजवा कान पुढे करून,
चोरून ऐकत असल्यासारखा.
काम पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ घेतं.
पैसे तेवढेच.

मला वाटलं, सोडेल.
मी बोललेही तसं, जरा जोरात, चुकून त्याच्या डाव्या बाजूने,
आणि त्याने विचारलं, काय?
दुसऱ्यांदा मला तेच म्हणता आलं नाही.

आता नव्यांना कानात बोळे कसे घालायचे हे तो शिकवतो.
याला कुठलं पद नाही, फीत नाही.
बर्फातल्या रांगेपुढून वाकत वाकत जातो,
एकेकाचा कान दोन बोटांनी मागे ओढतो,
बोळा पिळून आत सरकवतो, तो फुगेपर्यंत धरून ठेवतो,
बँकेतल्या मुलीचा, दूध गोळा करणाऱ्याचा,
एंडेलचासुद्धा, हो, मागच्या महिन्यापासून.
सगळे कान होईपर्यंत
अधिकारीही तोंड उघडत नाही.

रविवारी रात्री धुण्याच्या यंत्रातून
पाइनच्या सुया निघतात, मूठभर.
खिशात कधी लोकरीची पट्टी, भिजून आकसलेली.
ती मी खिडकीत वाळत घालते.
सोमवारी नऊला त्याला कुणाचातरी पियानो आहे.