खोटा सर्व्हर

स्कालविकमध्ये चौथ्या दिवशीही नेट नाही.
समुद्राच्या तळाशी केबल कुठेतरी तुटलीय,
आणि दुरुस्तीचं जहाज वारा पडायची वाट बघत
दुसऱ्याच कुठल्या बंदरात उभं आहे.

रानवाला एक्स्टेन्शन शुक्रवारी द्यायचंय.
एडिटरमध्ये फेरोई शब्द टाइप केला
की ते कोशाच्या सर्व्हरला विचारणार, हा बरोबर का.
नसेल तर शब्दाखाली लाल नागमोडी रेघ.
आता विचारायला सर्व्हरच नाही.

तेव्हा तिनं घरातच एक मांडला,
भातुकली मांडतात तसा.
बोळकी सगळी जागच्या जागी, फक्त भात नाही.
एक्स्टेन्शन दार वाजवतं, आतून हीच ओ देते.
विनंती उंबरा ओलांडत नाही
आणि तिला वाटतं, आपण राजधानीला जाऊन आलो.

पहिल्या रात्री सगळं गोड.
काहीही विचारा: दोनशे, बरोबर, दोनशे, बरोबर.
टेस्ट हिरव्यागार.
तिला स्वतःचाच राग आला,
होला हो इतकं तर सख्खी मावशीही म्हणत नाही.
मग तिनं त्याला वाईट वागायला शिकवलं.
अर्धं वाक्य बोलून फोन आपट.
पाचशे तीन म्हण, कारण सांगू नकोस.
आठ सेकंद गप्प बस.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं तेवढं नाही, म्हणतात;
गप्प बसण्याचंही
एकेक सेकंद मोजून लिहावं लागतं.

नमुन्याचे शब्द संपले तेव्हा
तिनं स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली.
बाप, हग्नी, बटाटे सोलत होता. सोलता सोलता देत गेला:
वल्ह्याची झिजलेली मूठ,
लोकर विंचरायची फणी,
आणि मेंढ्यांचे पाय झाकून पाठी उघड्या ठेवणारं धुकं.
त्याला एकच शब्द.
“हा कोशात आहे?”
“धुकं आहे ना? मग शब्द आहे.”
तिनं तो फाइलीत घातला, पुढे स्वल्पविराम दिला.

गुरुवारी पहाटे राउटरचा दिवा लागला.
तिनं भातुकली आवरली, खरा सर्व्हर जोडला.
दोनशे.
दोनशे.
धुक्यापाशी चारशे चार.
एक्स्टेन्शनची काही चूक नव्हती,
सांगितलेलं काम त्यानं चोख केलं:
बापाच्या शब्दाखाली लाल रेघ.

हग्नीनं चष्मा कपाळावरून खाली घेतला,
वाकून वाचलं, आणि खिडकीकडे बोट केलं.
“त्याला म्हणावं, बाहेर बघ.”

बाहेर चाळीसेक मेंढ्या
बिनपायांच्या
चढण चढत होत्या.